कावीळ कोणत्या वाटेने आली?

कावीळ हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. ताप जसा हिवतापात येतो, विषमज्वरात येतो आणि साध्या पडशातही येतो, तशीच ही कावीळ. डोळे पिवळे दिसले म्हणजे शरीरात काहीतरी बिघडले आहे आणि ते बहुधा यकृताच्या आसपास आहे, एवढेच कळते. काय बिघडले, कशामुळे बिघडले आणि घरातल्या इतरांनी आता कशापासून जपायचे, हे त्या पिवळेपणावरून सांगता येत नाही.

हा पिवळा रंग येतो कोठून? आपल्या तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हाताऱ्या झालेल्या पेशी शरीर मोडीत काढते. त्यांच्यातील लोह जपून ठेवले जाते आणि उरलेल्या भागापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे रंगद्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते, पाण्यात विरघळेल असे त्याचे रूप करते आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडून देते. यकृताच्या पेशी आजारी पडल्या की हे काम तुंबते. रंगद्रव्य रक्तात साचते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि कातडीत उतरते, लघवी गर्द पिवळी होते.

यकृताच्या पेशींना आजारी पाडणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. दारू आहे, काही औषधे आहेत, विषारी अळंबी आहेत. पण एकाच गल्लीत दहा-वीस माणसे पिवळी पडू लागली, तर बहुतेक वेळा विषाणूच कारणीभूत असतो. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत आणि त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावे आहेत. नावे ओळीने असल्यामुळे हे पाच सख्खे भाऊ असावेत असे वाटते. तसे ते मुळीच नाहीत. ते पाच निरनिराळ्या कुळांतील आहेत. एवढेच की, पाचही जण राहायला यकृतातच येतात. आणि घर एक असले, तरी तिथे यायच्या वाटा दोन आहेत. ए आणि ई हे तोंडावाटे येतात. रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडून पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातात. बी, सी आणि डी हे मुख्यतः रक्तावाटे येतात.

म्हणूनच ‘काविळीचा धोका कोणाला?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी वाट ओळखावी लागते. ती ओळखताना भल्याभल्यांची कशी फसगत झाली, त्याची एक हकिगत आपल्याच देशातली आहे.

दिल्लीचे पाणी

१९५५ चा पावसाळा संपता संपता यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरताना नदीचा प्रवाह पात्रातल्या पात्रात सरकला. दिल्लीला पाणी पुरवणारे वझिराबादचे उपसा केंद्र नदीकाठी होते. त्याच्या खालच्या अंगाला, थोड्याच अंतरावर, नजफगड नाला नदीला मिळत होता आणि या नाल्यातून शहराचे सांडपाणी वाहत होते. उपसा वरच्या बाजूला आणि नाला खालच्या बाजूला, तेव्हा एरवी भीती नव्हती. पण मुख्य प्रवाह उपसा केंद्रापासून दूर गेला, काठाशी पाणी संथ झाले आणि नाल्याचे पाणी मागे फुगून थेट उपशाच्या तोंडापर्यंत आले. नोव्हेंबरमध्ये सुमारे आठवडाभर दिल्लीच्या नळांसाठी जे पाणी उचलले गेले, त्यात सांडपाण्याचा वाटा बराच मोठा होता.

केंद्रावरील लोक झोपलेले नव्हते. पाणी बिघडले आहे हे त्यांना कळले होते. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्याचा उपयोगही झाला; कारण मैला पाण्यात मिसळला की ज्या रोगांची पहिली भीती असते, त्या विषमज्वराची किंवा हगवणीची साथ आली नाही. सर्वांना हायसे वाटले असेल. आणि मग डिसेंबरच्या सुरुवातीला दिल्लीत माणसे पिवळी पडू लागली. जानेवारी संपेपर्यंत कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे २९,३०० वर गेली होती.

या साथीतील तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत.

क्लोरीनने जिवाणू मेले, विषाणू मेले नाहीत. क्लोरीन हे चांगले जंतुनाशक आहे यात शंका नाही. पण विषाणू जिवाणूंपेक्षा चिवट असतात, आणि ते मैल्याच्या बारीक कणांत दडलेले असले तर क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. वाटेतल्या घाणीवरच खर्च होऊन जातो. म्हणून आधी पाणी निवळून, गाळून स्वच्छ करायचे आणि मग त्यात क्लोरीन घालायचा, हा क्रम महत्त्वाचा. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून निश्चिंत होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट काळाची. पाणी बिघडले नोव्हेंबरच्या मध्याला आणि साथ भरात आली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला अधिशयन काल म्हणतात. ई विषाणूचा हा काळ सर्वसाधारणपणे पाच-सहा आठवड्यांचा, ए विषाणूचा सुमारे चार आठवड्यांचा आणि बी विषाणूचा तर दोन ते पाच महिन्यांचा असतो. त्यामुळे कावीळ झालेला माणूस ‘काल काय खाल्ले’ ते आठवू लागतो तेव्हा तो चुकीच्या दिवसाचा तपास करत असतो. ज्या दिवशी त्याने ते पाणी प्यायले, तो दिवस केव्हाच मागे पडलेला असतो. गावात साथ दिसू लागते तेव्हाही फुटलेली नळवाहिनी कदाचित दुरुस्त झालेली असते.

तिसरी गोष्ट रोग्यांची. या साथीत मुले कमी आणि तरुण माणसे अधिक सापडली. गर्भवती स्त्रियांना तर आजार फार जड गेला आणि त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळच जास्त होते.

या तिसऱ्या गोष्टीत खरे तर एक कोडे होते. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीला १९४७ साली मॅक्कॅलम या ब्रिटिश वैद्याने ‘ए’ आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीला ‘बी’ असे नाव सुचवले होते. दिल्लीची साथ पाण्याची, म्हणून ती ‘ए’ची, असे सर्वांनी धरले. पण भारतात त्या काळी ए विषाणूची लागण बहुतेकांना लहानपणीच होऊन जात असे, आणि एकदा ती झाली की जन्मभर पुन्हा होत नाही. मग वयात आलेली हजारो माणसे त्याच विषाणूने पुन्हा कशी आजारी पडावीत? हा प्रश्न पंचवीस वर्षे तसाच राहिला, कारण तो तपासण्याचे साधनच नव्हते. ए विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला तो १९७३ साली.

उत्तर मिळाले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने. दिल्लीच्या साथीतील आणि १९७५–७६ मधल्या अहमदाबादच्या साथीतील रोग्यांचा रक्तरस, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारा निवळ भाग, गोठवून जपून ठेवलेला होता. तो आता नव्या चाचण्यांनी तपासण्यात आला. एखाद्या विषाणूची लागण झाली की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ताज्या लागणीची प्रतिपिंडे एका प्रकारची असतात आणि जुन्या, बरी होऊन गेलेल्या लागणीची दुसऱ्या प्रकारची. रोग्यांच्या रक्तात ए विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती खरी, पण ती जुनी होती. ताज्या लागणीची खूण मिळेना. बी विषाणूवरही आरोप ठेवता येईना. म्हणजे गुन्हेगार तिसराच कोणी होता. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. काश्मीरमध्ये १९७८ साली आलेल्या साथीचा अभ्यास करणारे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हेही त्याच वर्षी याच निर्णयाला पोचले. गोठवून ठेवलेल्या नळ्यांकडे पाहून कोणाला काही विशेष वाटत नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या साथीचा साक्षीदार असा बाटलीत बसून राहिलेला असतो.

त्या अज्ञात विषाणूला पकडण्यासाठी मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने जे केले ते ऐकून अंगावर काटा येतो. त्याला ए विषाणूची लागण पूर्वी होऊन गेलेली होती, म्हणजे ए पासून भय नव्हते. काविळीच्या रोग्यांच्या विष्ठेतून काढलेला अर्क तो स्वतः प्यायला. छत्तिसाव्या दिवशी तो आजारी पडला आणि त्याच्या विष्ठेत विषाणूचे गोल कण सापडले. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. (असले प्रयोग आज कोणतीही संस्था करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) १९९० साली या विषाणूची जनुके ओळखली गेली आणि त्याला ई हे अक्षर कायमचे मिळाले.

दिल्लीनंतरही ई विषाणूने आपला पिच्छा सोडलेला नाही. १९९१ साली कानपूरला सुमारे ७९,००० लोकांना त्याची बाधा झाली. २०१२ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीला काविळीची मोठी साथ आली. प्रत्येक वेळी नदीला पूरच यावा लागतो असेही नाही. आपल्या बहुतेक शहरांत नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी येते. पाणी चालू असते तेव्हा वाहिनीत दाब असतो, त्यामुळे तडा गेलेला असला तर पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब उतरतो. वाहिनी गटाराशेजारून गेलेली असेल तर त्याच तड्यातून गटाराचे पाणी आत शिरते. त्यात घराघरांतून नळाला थेट मोटार लावून पाणी खेचले जाते, म्हणजे आपणच ती घाण आत ओढून घेतो. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा वास मारणारे येत असेल, तर ते भरून ठेवू नये आणि नगरपालिकेत ताबडतोब कळवावे. प्यायचे पाणी उकळायचे तर खळखळून उकळावे. नुसते कढत करून काही साधत नाही.

धोका मोजायचा कसा?

‘अमुक केल्याने कावीळ होते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हळद खाल्ल्याने होते, उन्हात हिंडल्याने होते, पिवळे कपडे घातल्याने वाढते, वगैरे. यातले खरे किती आणि कल्पनेतले किती हे ठरवण्याची एक साधी रीत आहे, आणि ती आठवीतल्या गणितापलीकडची नाही. तुलना करायची.

जर्मनीतील ब्रेमेन बंदरात १८८३ साली जहाजबांधणीच्या कारखान्यातील १,२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. त्या काळी देवीची लस एका माणसाच्या हातावरील फोडातील लस काढून दुसऱ्याला टोचून देत. ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत या कामगारांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. म्हणजे शंभरात जवळजवळ पंधरा. आता एवढ्यावरून लशीला दोष देता येईल का? नाही. कदाचित कारखान्याचे पाणी वाईट असेल, जेवण वाईट असेल. ल्युर्मान या वैद्याने पुढचा प्रश्न विचारला: ज्यांना ही लस टोचलीच नव्हती, किंवा दुसऱ्या साठ्यातील लस टोचली होती, त्यांचे काय? असे सुमारे पाचशे कामगार त्याच कारखान्यात होते. तेच पाणी पीत होते, त्याच हवेत काम करत होते. त्यांच्यातील एकालाही कावीळ झाली नव्हती. शंभरात पंधरा आणि शंभरात शून्य! ल्युर्मानने ही हकिगत १८८५ साली प्रसिद्ध केली, तेव्हा विषाणू नावाची वस्तू कोणाला ठाऊकही नव्हती. तरी रोगाची वाट सापडली होती. आज आपण म्हणतो की ती बी विषाणूची साथ असावी.

ज्या गोष्टीच्या संबंधात आलेल्या गटात रोग जास्त आढळतो, तिला त्या रोगाचा धोकाघटक म्हणतात. समजा, सहलीला १२० विद्यार्थी गेले. त्यांतील ४० जणांनी रस्त्यावरच्या गाडीवर बर्फ घातलेले सरबत घेतले, ८० जणांनी घेतले नाही. महिन्याभराने सरबत पिणाऱ्यांपैकी १२ जणांना कावीळ झाली आणि न पिणाऱ्यांपैकी दोघांना. पहिल्या गटात शंभरी ३०, दुसऱ्यात शंभरी अडीच. धोका बारा पट. आता एखादा विद्यार्थी म्हणेल, ‘मी तर दोन पेले प्यालो, मला काही झाले नाही.’ त्याचे म्हणणे खरे आहे. चाळिसांतल्या अठ्ठावीस जणांना काही झाले नव्हते. धोकाघटक म्हणजे शिक्षा नव्हे, ती शक्यता आहे. आणि न पिणाऱ्यांतील ज्या दोघांना झाली, त्यांनी विषाणू दुसरीकडून आणला असेल. शिक्षकांनी ही आकडेमोड वर्गात जरूर करून घ्यावी; सरबताऐवजी आणखी दोन-तीन पदार्थ घालून खरा दोषी शोधायला लावले तर गंमत वाढते.

सुईच्या टोकावर

ब्रेमेनचा धडा साऱ्या जगाने लगेच घेतला असे मात्र झाले नाही. १९४२ साली अमेरिकन सैनिकांना पीतज्वराची लस टोचण्यात आली. लस टिकून राहावी म्हणून तीत माणसाचा रक्तरस मिसळलेला होता आणि रक्त देणारे लोक दिसायला धडधाकट होते. सुमारे ५०,००० सैनिक काविळीने आजारी पडले. पुढे १९८० नंतरच्या दशकात त्या सैनिकांतील काहींचे रक्त तपासले गेले, तेव्हा ती बी विषाणूची बाधा होती हे सिद्ध झाले. लक्षणे न दिसलेले धरले तर बाधितांची संख्या तीन लाखांच्या वर जाते असा अंदाज निघाला.

यात मुख्य गोष्ट अशी की, ज्याच्याकडून रोग आला तो माणूस आजारी दिसत नव्हता. ए आणि ई हे विषाणू शरीरात सहसा मुक्काम करत नाहीत; काही आठवड्यांत निघून जातात. बी आणि सी मात्र वर्षानुवर्षे ठाण मांडतात. माणूस कामावर जातो, जेवतो-खातो, आणि यकृत आतून झिजत राहते. वीस-तीस वर्षांनी ते कठीण आणि आक्रसलेले होते, काहींना यकृताचा कर्करोग होतो. तोपर्यंत डोळे एकदाही पिवळे झालेले नसतील. काविळीच्या विषाणूंवरील लेखात हे सांगावे लागते हे विचित्र वाटेल, पण त्यांतले जास्त घातक दोन विषाणू बऱ्याचदा कावीळ न करताच काम उरकतात.

बी विषाणूचा माग लागला तो असाच आडवाटेने. बारूच ब्लूमबर्ग हे निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तातील फरक अभ्यासत होते. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या एका रोग्याच्या रक्तरसाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तरसाशी प्रक्रिया झाली. त्या अनोळखी प्रथिनाला त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हटले. पुढे कळले की ते बी विषाणूचे बाह्य आवरण आहे. रक्तपेढ्यांना रक्त तपासण्याचे साधन मिळाले, त्यातूनच लसही निघाली. १९७६ चे नोबेल पारितोषिक ब्लूमबर्ग यांना मिळाले. सी विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्यावरील कामाचे नोबेल २०२० साली दिले गेले. डी हा तर बांडगुळासारखा आहे. त्याला स्वतःचे आवरण नाही. बी विषाणूचे आवरण उसने घेतल्याशिवाय तो पसरू शकत नाही. म्हणून ज्याला बी नाही त्याला डी नाही.

रक्ताची वाट म्हणजे केवळ रक्त चढवणे असे समजू नये. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही पुरतो, आणि बी विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो. जत्रेत गोंदवून देणारा एकच सुई सगळ्यांच्या हातावर चालवतो ती पाहा. कान टोचण्याची सुई पाहा. न्हाव्याने पाते न बदलता केलेली दाढी, दुसऱ्याचा दात घासण्याचा ब्रश, नशेची औषधे एकाच सुईने टोचून घेणारी टोळकी, हे सारे त्याच वाटेवरचे थांबे आहेत. असुरक्षित शरीरसंबंधातूनही बी विषाणू पसरतो. आणि प्रसूतीच्या वेळी तो बाधित आईकडून बाळाकडे जातो.

पण आपल्या देशात खास विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे आपले इंजेक्शनाचे वेड. ‘डॉक्टरांनी सुई दिली नाही’ म्हणून नाराज होणारे रोगी गावोगाव आहेत. गोळीने बरा होणारा ताप सुईनेच बरा व्हावा असा हट्ट धरला, की सुया कमी पडतात आणि कोणीतरी वापरलेली सुई पुन्हा वापरतो. २००९ साली गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यात मोडासा व आसपास बी विषाणूची साथ आली, शेकडो लोकांना बाधा झाली आणि कित्येक दगावले. तपासात वापरलेल्या सुया आणि सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचे आढळले. इजिप्तमध्ये तर हे सरकारी मोहिमेतच घडले. नाईलच्या पाण्यातील शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा उपद्रव घालवण्यासाठी १९५० नंतर तीसएक वर्षे लाखो लोकांना इंजेक्शने देण्यात आली. काचेच्या सिरिंजा पुरेशा न उकळता पुन्हा वापरल्या गेल्या. कृमी गेले आणि सी विषाणू आला. इजिप्त हा सी विषाणूच्या सर्वाधिक बाधेचा देश झाला. सुदैवाने सी वर आता दोन-तीन महिने घ्यायच्या गोळ्यांचा उपचार आहे आणि त्याने शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. २०१८–१९ मध्ये इजिप्तने सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून हे संकट बरेचसे मागे हटवले. सी विषाणूवर लस मात्र अजून नाही.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. बी किंवा सी ची बाधा असलेल्या माणसाबरोबर जेवल्याने, त्याच्या शेजारी बाकावर बसल्याने, हातात हात घेतल्याने ती लागत नाही. तरी घराघरांतून अशा माणसाचे ताट-पेला वेगळा केला जातो. धोका नसलेल्या जागी जपायचे आणि दाढीचे पाते मात्र सामाईक वापरायचे, असा उफराटा प्रकार वाट न ओळखल्यामुळे होतो.

कोणाला किती जड

लागण होण्याचा धोका एक आणि झालेल्या लागणीने माणूस आजारी पडण्याचा धोका वेगळा. ए विषाणू सहा वर्षांखालील मुलाला गाठतो तेव्हा दहांपैकी सात मुलांत काहीच लक्षण दिसत नाही. मोठ्या माणसांत याच्या उलट. दहांतील सुमारे सात जण पिवळे पडतात. म्हणून गाव जसजसे स्वच्छ होते तसतशी लहानपणीची लागण टळते आणि तीच मुले मोठेपणी विषाणूला कोरी करकरीत सापडतात. १९८८ च्या आरंभी शांघायमध्ये सुमारे तीन लाख लोकांना ए ची कावीळ झाली. कारण होते आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांसारखे शिंपले. शिंपल्यातला प्राणी पाणी गाळून अन्न मिळवतो, त्यामुळे सांडपाण्यातील विषाणू त्याच्या अंगात साठत जातात. आणि शांघायचे लोक शिंपले गरम पाण्यात जेमतेम उघडण्यापुरते बुचकळून खात. रोगी बहुतेक तरुण होते. आपल्याकडे केरळात, विशेषतः मलप्पुरम जिल्ह्यात, २०२४ साली ए विषाणूच्या काविळीचे हजारो रोगी आढळले. केरळ हे आरोग्यात पुढे असलेले राज्य आहे, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यावे. म्हणून स्वच्छता नको असा अर्थ कोणी काढू नये. ए विषाणूवर चांगली लस आहे.

बी विषाणूची तऱ्हा अगदी उलटी. मोठ्या माणसाला बाधा झाली तर शंभरातील पंचाण्णव जण तिला हुसकावून लावतात. जन्मताना बाधा झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे नव्वद टक्के बाळांत ती कायमची राहते. म्हणून बी ची पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती २००२ पासून काही भागांत आणि २०११ पासून देशभर आली. तैवानने १९८४ सालीच बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढील दहा-बारा वर्षांत तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. कर्करोग टाळणारी पहिली लस म्हणून तिचा उल्लेख होतो तो त्यामुळेच. तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ जन्मले, तर त्याच्या कार्डावर ही पहिली नोंद आहे का ते विचारायला हरकत नाही.

येथे काविळीच्या गावठी उपायांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. काविळीची माळ घालतात, नाकात औषध पिळतात, डाग देतात. कोठे चुन्याच्या निवळीत हात धुवायला सांगतात आणि पाणी पिवळे झालेले दाखवून ‘कावीळ उतरली’ म्हणतात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. त्याचा चुन्याशी संयोग होऊन पिवळा रंग येतो. कावीळ नसलेल्या माणसाच्या हातावरही पाणी तितकेच पिवळे होते, हे करून पाहता येईल. (चुन्याची निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये.) तरीही लोकांचा अनुभव असा की माळेने गुण येतो. तो येणारच, कारण ए आणि ई ची कावीळ बहुतेकांत आपोआपच बरी होते. ज्याची बरी झाली तो माळेचे नाव घेतो; ज्याला बी किंवा सी आहे त्याचेही डोळे निवळतात, तो रक्त तपासायला जात नाही, आणि विषाणू आत राहतो. खरे धोक्याचे रोगीच अशा रीतीने हातचे निसटतात. कावीळ झालेला माणूस असंबद्ध बोलू लागला, फार झोपाळला किंवा त्याला रक्तस्राव होऊ लागला, तर एक तासही न दवडता रुग्णालयात न्यावे.

आणि गर्भवती स्त्री. ई विषाणूने इतर प्रौढांत मृत्यू क्वचित येतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली तर शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. हे असे का व्हावे याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. गावात काविळीची साथ असेल तेव्हा उकळलेल्या पाण्याचा पहिला हंडा कोणासाठी, हे यावरून ठरवावे. ई विषाणूविरुद्धची एक लस चीनमध्ये २०११ साली मान्य झाली. साथ चालू असताना ती प्रथम वापरली गेली २०२२ साली, दक्षिण सुदानमधील बेंतिऊ येथे, पुरामुळे आणि युद्धामुळे घरदार सोडून आलेल्यांच्या छावणीत. सहा महिन्यांत तीन वेळा ती टोचावी लागते. तेथे ती ज्यांना देण्यात आली, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या.